आधी चर, मग जिप्सम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण देवळालीत दरवर्षी जमतो, त्यांनी मला सातवीत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली असेल तर ते गुण कापायचे. आज मी त्यांच्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. हा प्रश्न त्यांनी मला विचारला तेव्हा मी विद्यार्थी राहिलो नव्हतो, वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. तरीही मला त्याचं उत्तर धड देता आलं नाही.

दिवाळीला गावी आलो होतो. गुरुजी ओट्यावर बसलेले. डोळ्यांना नुकतंच लेझर केलं होतं आणि डाव्या डोळ्यानं पेपरातले मथळेही लागत नव्हते. मांडीवर रिपोर्टांची फाइल. म्हणाले, “हे बघ, चार वर्षं झाली, उपाशीपोटीची साखर एकशे दहा, एकशे पंधराच्या वर नाही. गोळी एक दिवस चुकवली नाही. मग साखर उतरली तरी डोळा का गेला?”

मी म्हणालो, “आधीच्या काळाचा परिणाम असतो, गुरुजी.”

ते म्हणाले, “पायरी गाळलीस.”

त्या गाळलेल्या पायऱ्या आज भरून काढायच्या आहेत. विषयाचं नाव जड आहे: वजन जास्त असलेल्या मधुमेही माणसानं वजन उतरवलं, तर त्याच्या शरीरातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या ताणाचं, काय होतं. पण या गावात तो समजायला अवघड जाऊ नये. साखर आणि पाणी या दोन्हींचा अतिरेक काय करतो, हे प्रवरेच्या पट्ट्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

पहिली पायरी स्वयंपाकघरातली. डब्यात मागे राहून गेलेले शेंगदाणे उन्हाळा उलटल्यावर काढले तर तोंडात टाकताच कळतं, खवट झालेत. शेंगदाण्यातल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली, तेलाचे रेणू तुटले आणि त्या तुकड्यांचा तो वास. आता हे लक्षात घ्या, की आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं कवच तेलाच्याच जातीच्या पदार्थाचं आहे. तेही खवट होतं. हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. तेल खवट होताना तयार होणारा मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ मधुमेह्याच्या रक्तात जास्त सापडतो. अन्नाच्या प्रयोगशाळेत खवटपणा ज्या चाचणीनं मोजतात, तीच चाचणी आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तावर वर्षानुवर्षं केली जाते. मी स्वतः शेकडो वेळा केली. रक्तद्रव एका रसायनाबरोबर उकळला की गुलाबी रंग येतो आणि तो जितका गडद तितकी खवटपणाची खूण मोठी.

हे ऑक्सिडीकरण करणारे रेणू बाहेरून येत नाहीत. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्न जाळून ऊर्जा काढण्याचं काम त्यांचं. ते करताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो आणि सुपरऑक्साइडसारखे चवताळलेले रेणू तयार होतात. थोडे असले तर ते उपयोगाचेच. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच हत्यार वापरतात. शिवाय शरीराकडे राखणदार आहेत: सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन. निर्माण होणारे आणि निपटले जाणारे यांचा मेळ बसतो तोवर सगळं ठीक. मेळ बिघडला आणि पारडं निर्माण होणाऱ्यांकडे झुकलं, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही संज्ञा रूढ केली.

दुसरी पायरी साखरेची. ती समजायला कालव्यावर चला.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेचं पाणी पाटानं खाली आलं. आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री दारं धरायला गेलेली माणसं या सभागृहात खूप बसली आहेत. वाफ्याला पुरेल एवढं पाणी झालं की आपण दारं मोडतो, पाणी पुढच्या सरीला वळवतो. शरीरात स्नायूंच्या पेशींना असंच दार आहे आणि ते इन्सुलिनच्या इशाऱ्यानं उघडतं-मिटतं. पण सगळ्या पेशींना ते दार नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाची गाळणी, पायांच्या नसा यांच्यात रक्तातली साखर वाढली की सरळ आत शिरते. त्यांना पाणी तोडता येत नाही. मधुमेहात नेमके डोळे, मूत्रपिंडं आणि पाय का जातात, याचं एक मोठं कारण इथं आहे.

आत शिरलेली साखर मायटोकॉन्ड्रियाच्या भट्टीत जाते. भट्टीला लागेल त्याहून जास्त इंधन आलं, की इलेक्ट्रॉनांची रांग तुंबते आणि तुंबलेले इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला चिकटतात. सुपरऑक्साइडचा लोंढा सुरू होतो. अमेरिकेतले मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये हे चित्र नीट जोडून दाखवलं. तोवर मधुमेहातल्या बिघाडांच्या चार वेगवेगळ्या रासायनिक वाटा माहीत होत्या. त्यांनी सांगितलं की या चारी वाटांच्या उगमाशी हा एकच लोंढा आहे. मी तो लेख वाचला तेव्हा मला गुरुजींचं वाक्य आठवलं. इतकी वर्षं आम्ही चार उत्तरं पाठ करत होतो आणि त्यांच्या वरची पायरी आमच्या वहीत नव्हती.

शिवाय साखर प्रथिनांना चिकटते ती वेगळीच. बासुंदी आटवताना दूध आधी पांढरं असतं, मग गुलाबीसर, मग बदामी होतं. दुधातली साखर आणि दुधातलंच प्रथिन तापून एकमेकांत गुंतल्याचा तो रंग. शरीराच्या ऊबेत हीच क्रिया फार हळू, पण वर्षानुवर्षं चालते. तुम्ही जी एचबीएवनसी तपासणी करता, ती म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याचं मोजमाप. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बदलतं. पण डोळ्याच्या पडद्याची, रक्तवाहिनीच्या भिंतीची प्रथिनं इतक्या लवकर बदलत नाहीत. गुरुजींचा डोळा इथं अडकला होता. त्याकडे मी परत येईन.

तिसरी पायरी चरबीची. अनेक वर्षं आम्हीही शिकवत होतो की चरबी म्हणजे कोठार: जास्तीचं ठेवायचं, लागेल तेव्हा काढायचं. ते अपुरं होतं. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की लठ्ठपणात चरबीच्या पेशी स्वतःच हे ऑक्सिडीकारक रेणू जास्त बनवतात आणि त्यांचा परिणाम सगळ्या शरीरात पसरतो. त्याआधी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या सुमारे २८०० लोकांच्या लघवीत ऑक्सिडीकरणाची एक खूण मोजली गेली. मधुमेह, धूम्रपान आणि वाढलेलं वजन, तिन्हींशी तिचा संबंध निघाला. म्हणजे ज्याला मधुमेह आणि वजन दोन्ही आहेत, त्याच्या पेशींवर दोन पाटांचं पाणी एकदम सुटलेलं असतं.

वजन हा शब्द आपल्याकडे फसवा आहे, म्हणून थोडं थांबतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन काढायचा जो निर्देशांक, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून दोघंही सडपातळ. आपल्या अंगात चरबी लपते, आणि लपते ती पोटात, यकृतात. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मतःचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हाडं बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळपास शाबूत. ज्या आयांच्या पोटी ही बाळं आली त्या पोट भरून जेवणाऱ्या, आराम करणाऱ्या नव्हत्या. त्या शेतावर राबणाऱ्या होत्या.

म्हणून “वजन उतरवा” हा निरोप मी सगळ्यांना देत नाही. ऊसतोडीला आलेल्या टोळीतली, कोपीत राहणारी गरोदर बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या ताटात भर पडली पाहिजे. तिच्या पोटातल्या बाळाचा चाळीस वर्षांनंतरचा मधुमेह आज तिच्या जेवणात ठरतो आहे. साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात आपण हे बोललं पाहिजे, आणि या व्यासपीठावर मोठ्यानं बोललं पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी तुम्हाला परत शेतावर नेतो.

नीरा, प्रवरा, गोदावरी या कालव्यांखाली काय झालं, ते वडीलधाऱ्यांनी पाहिलं आहे. पाणी आलं, ऊस आला. हरेगावची बेलापूर कंपनी होतीच. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. घरं पक्की झाली, मुलं शिकली. मीही त्याच पैशावर शिकलो. पण काळ्या रानात पाण्यावर पाणी दिलं, खालचं पाणी वर आलं, क्षार वर आले. जमीन पांढरी पडली, चोपण झाली. आमच्या वडिलांचं ओढ्याकडेचं दीड एकर असंच गेलं. त्यांनी जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं, ताग गाडला. दोन वर्षं काही उगवलं नाही. तिसऱ्या वर्षी कृषी विद्यापीठातल्या एका माणसानं रान पाहिलं आणि म्हणाला, “जिप्सम वाईट नाही. पण खालचं पाणी हलत नाही तोवर ते काय करील? आधी चर खणा, पाण्याच्या पाळ्या कमी करा, मग जिप्सम.”

जास्त वजनाच्या मधुमेह्याला मला हेच सांगायचं आहे. खवटपणावर उतारा म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या विकल्या जातात. ते जिप्सम. वजन उतरवणं हा चर.

पुरावा सांगतो. अमेरिकेत बफेलो इथं काम करणारे, मूळचे भारतीय, डॉ. परेश दांडोना यांनी २००१ साली नऊ लठ्ठ माणसांना चार आठवडे रोज १००० कॅलरींवर ठेवलं. चार-साडेचार किलो वजन उतरलं. तेवढ्यात पांढऱ्या पेशींतून निघणारे ऑक्सिडीकारक रेणू ठळकपणे कमी झाले आणि चरबी-प्रथिनांच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणाही उतरल्या. माणसं फक्त नऊ आणि त्यांना मधुमेह नव्हता, म्हणून एवढ्यावर इमला बांधू नये. इटलीतल्या दावी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लठ्ठ बायकांत असंच पाहिलं. वजन उतरलं तशी ऑक्सिडीकरणाची खूण उतरली, आणि रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या बिंबाणूंची सक्रियताही उतरली.

मधुमेह्यांवरचा, आपल्या प्रश्नाला थेट लागू होणारा अभ्यास प्रागचा, २०११ सालचा. टाइप २ मधुमेहाच्या ७४ माणसांचे दोन गट केले. दोघांनाही गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी. एकाला नेहमीचा मधुमेहाचा आहार, दुसऱ्याला शाकाहार. चोवीस आठवड्यांत शाकाहारी गटाचं वजन ६.२ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ३.२ किलोंनी. शाकाहारी गटात ४३ टक्के लोकांची औषधं कमी करता आली, दुसऱ्यात ५ टक्क्यांची. पोटातली चरबी जास्त उतरली, इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडलं आणि ऑक्सिडीकरणाच्या खुणाही त्यांच्यातच जास्त सुधारल्या. आपल्यातल्या माळकरी मंडळींनी मात्र लगेच समाधान मानू नये. प्रागचा शाकाहार म्हणजे भाज्या, कडधान्यं, धान्यं, फळं, सुका मेवा. दुधातुपाचं म्हणावं तर दिवसाला कमी स्निग्धाचं दही, तेही फार तर एक वाटी. साबुदाण्याची खिचडी, शिरा आणि दोन चमचे साखरेचा सहा वेळचा चहा हाही शाकाहारच आहे, पण तो तिथं नव्हता.

वजन उतरल्यावर हे का होतं? न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ साली अकरा मधुमेह्यांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरींच्या आसपास ठेवलं. सात दिवसांत उपाशीपोटीची साखर नेहमीच्या माणसासारखी झाली. यकृतातली चरबी आधी गेली, मग हळूहळू स्वादुपिंडातली. या दोन अवयवांत साठलेली चरबी म्हणजे ओढ्याकडेच्या रानातलं तुंबलेलं पाणी. ती हलली की यकृत अवेळी साखर सोडायचं थांबतं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी पुन्हा कामाला लागतात. या बीटा पेशींकडे राखणदार मुळात फार थोडे. कॅटालेज आणि ग्लुटाथायोनशी निगडित विकरं त्यांच्यात इतर अवयवांपेक्षा बरीच कमी असतात. म्हणून खवटपणाचा पहिला मार त्यांनाच बसतो, आणि भार उतरल्याचा दिलासाही त्यांना लवकर मिळतो.

पुढे टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ३०६ लोकांवर मोठी चाचणी घेतली, ती २०१७ च्या अखेरीस छापली गेली. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचं द्रवरूप अन्न, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाअखेर वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले. ज्यांचं वजन परत चढलं, त्यांच्यातल्या अनेकांचा आजारही परत आला. चर गाळानं भरला की पाणी पुन्हा तुंबतं.

“आम्ही तर किडकिडीत, आम्हाला हे लागू आहे का?” असं कुणी विचारेल. टेलर यांनी बीएमआय २७ पेक्षा कमी असलेल्या २० मधुमेह्यांवरही हा प्रयोग केला. सरासरी साडेसहा टक्के वजन उतरलं आणि वीसपैकी चौदा जणांचा मधुमेह हटला. प्रत्येकाच्या अंगाची चरबी पेलायची आपली एक सीमा असते. आपली सीमा इंग्रजांपेक्षा अलीकडे आहे, एवढंच. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०.

एक उलटा पुरावाही इथं ठेवतो, कारण तो लपवला तर हे व्याख्यान राहणार नाही, जाहिरात होईल. अमेरिकेत ५१४५ जास्त वजनाच्या मधुमेह्यांवर ‘लुक अहेड’ नावाची चाचणी जवळजवळ दहा वर्षं चालली. पहिल्या वर्षी वजन ८.६ टक्क्यांनी उतरलं. साखर सुधारली, औषधं कमी झाली, मूत्रपिंडाचे आजार कमी झाले. पण हृदयविकाराच्या झटक्यांमध्ये दोन गटांत फरक पडला नाही. नंतर आकडे उलगडून पाहिल्यावर असं दिसलं, की ज्यांनी पहिल्या वर्षी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात मात्र हा धोका कमी होता. रक्तातली खूण सुधारणं आणि माणूस वाचणं यात अंतर आहे. थोडं उतरवून थांबलं तर ते अंतर कापलं जात नाही, असं मी यावरून समजतो.

मग जिप्समचं काय? १९९४ साली फिनलंडच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल आले. बीटा-कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट ज्यांना दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २००० साली ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांपैकी सुमारे निम्म्यांना साडेचार वर्षं ई जीवनसत्त्व दिलं, त्यात मधुमेही पुष्कळ होते, आणि हृदयाला काही फायदा झाला नाही. २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि काहींना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वं दिली. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्यात इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडू लागलं. ज्यांनी घेतल्या, त्यांच्यात तो लाभ झालाच नाही. व्यायामात जे थोडे ऑक्सिडीकारक रेणू निघतात, त्यांचा इशारा ऐकून शरीर स्वतःचे राखणदार वाढवतं. गोळीनं तो इशाराच पुसला गेला.

मी गोळीचा वैरी नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्रा. सरोज घासकडबी आणि पुण्याच्या आयसरमधले प्रा. प्रणय गोयल यांच्या गटानं २०२२ साली एक चांगलं काम छापलं. २५० मधुमेही, सगळे नेहमीच्या औषधांवर. त्यातल्या निम्म्यांना सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन तोंडावाटे दिलं. रक्तातलं ग्लुटाथायोन भरून आलं, डीएनएच्या ऑक्सिडीकरणाची खूण उतरली आणि ५५ वर्षांवरच्या लोकांत एचबीएवनसीही सुधारलं. वयस्कर माणसाला, डॉक्टरांच्या देखरेखीत, याचा पुढे उपयोग होऊ शकेल. पण चर खणलेल्या रानात. दर महिन्याला हजार-बाराशे रुपयांचे डबे घेऊन वजन तेवढंच ठेवणारी माणसं मी माझ्याच नात्यात पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

वजन उतरवायचं कसं, यावर महाराष्ट्रात गावोगाव बोललं गेलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून त्यांनी दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही खायचं नाही, आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, हा साधा नियम लोकांपर्यंत नेला. तो प्रत्येकाला लागू पडतो असं मी म्हणणार नाही. पण दुकानातलं काही विकत न घेता, घरच्या जेवणावर, हजारो मराठी माणसांना त्यांनी काटा आणि टेप हातात घ्यायला लावली, याचं मोल मोठं आहे.

गुरुजींना आवडलं असतं असं एक गणित सांगतो. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर: ४० कॅलरी. शेतावर, पारावर, पाहुण्याकडे मिळून सहा कप: २४०. वर्षाच्या झाल्या ८७,६००. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरा. भागाकार केला तर अकरा किलोंवर येतो. प्रत्यक्षात एवढं वजन उतरत नाही, कारण शरीर आपला खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. निम्मं उतरलं तरी बाजरीची भाकरी, मेथी, मटकीचं कालवण, ठेचा, यातलं काहीही न सोडता ते उतरलेलं असेल. भाकरी दोनाची दीड करावी आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीची जागा मटकी-हुलग्यांनी घ्यावी. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आपल्याकडे ते आधीच थोडे, आणि रक्तातली साखर सगळ्यात जास्त तेच उचलतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ साली दाखवलं, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी जेवण आणि चालणं सुधारलं तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सावधगिरी, आणि इथं मी हात जोडून सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना एकदम जेवण कमी केलं तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असताना भाकरी-भात पार बंद केला तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. आणि ज्यांची साखर वर्षानुवर्षं चढलेली आहे, त्यांनी ती झपाट्यानं उतरवण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. साखर एकदम उतरली तर आधीच दुखावलेला पडदा काही काळ बिघडू शकतो. डॉक्टरांना आधी सांगा, गोळ्या त्यांना कमी करू द्या, मग ताट कमी करा. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आता भारतात मिळू लागली आहेत. काहींना ती खरोखर उपयोगी आहेत. तीही डॉक्टरांनीच द्यायची.

शेवटी गुरुजींचा डोळा.

अमेरिकेत १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १४४१ लोकांवर चाचणी झाली. एका गटाची साखर काटेकोर ताब्यात ठेवली, दुसऱ्याची नेहमीसारखी. चाचणी संपल्यावर सगळ्यांनाच काटेकोर उपचार शिकवले आणि दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखी झाली. तरीही पुढे अनेक वर्षं, आधी ज्यांची साखर चढी होती त्यांचेच डोळे जास्त बिघडत राहिले. शरीर जुनी साखर विसरलं नव्हतं. संशोधक याला चयापचयाची स्मृती म्हणतात. जुन्या काळात खवट झालेली, साखर चिकटलेली प्रथिनं जागेवरच असतात. मायटोकॉन्ड्रियाच्या भट्ट्या दुखावलेल्या असतात आणि साखर उतरल्यावरही रेणू सोडत राहतात.

गुरुजींचा मधुमेह कळला तो पायाची जखम भरेना तेव्हा. त्याआधी किती वर्षं होता, कोण जाणे. मग चार वर्षं साखर ताब्यात राहिली, पण त्याच चार वर्षांत त्यांचं वजन सहा किलोंनी वाढलं. काही गोळ्या साखर रक्तातून काढून पेशीत ढकलतात, शरीरातून बाहेर काढत नाहीत. रिपोर्टात साखर उतरलेली दिसत होती आणि खालचं पाणी वर येत होतं. त्यांच्या एका डोळ्याचं नेमकं कारण मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. रक्तदाबही होता, वयही होतं. पण त्यांच्या फाइलमध्ये साखरेचे चाळीसेक रिपोर्ट होते आणि कमरेचा घेर एकदाही कुणी लिहिलेला नव्हता. मीही त्या दिवशी विचारला नाही.

गुरुजी, ही गाळलेली पायरी होती.

आमच्या वडिलांनी त्या दीड एकराला चर खणला तेव्हा पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पांढरा थर फिका झाला. मग जिप्सम टाकलं. तिसऱ्या वर्षी रब्बीला गहू पेरला, तो निम्म्या रानात उगवला. ओढ्याच्या अगदी काठचे चार गुंठे आजही पांढरेच आहेत.

सभागृहाच्या दारात आपल्या आरोग्य केंद्रातल्या ताई टेप आणि वही घेऊन बसल्या आहेत. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पहिलं नाव मी लिहून आलो आहे: ९४.